गोधडीला गोट: तिरक्या घडीचे चार कोपरे (प्रकल्प नोंदी)

काम: हाताने टाके घातलेली तीन थरांची गोधडी. वर जोडकाम आणि भोवती तीन इंचांची साधी पट्टी, मध्ये पातळ सुती भरण, खाली सुती अस्तर. अंदाजे माप ६० × ७२ इंच. गोट, म्हणजे काठाभोवतीची कापडी पट्टी, दुहेरी घडीचा, पुढून मशीनने लावायचा आणि मागे हाताने बसवायचा. चारही कोपरे मायटर पद्धतीचे, म्हणजे कोपऱ्यावर ४५ अंशांची स्वच्छ तिरकी रेघ दिसली पाहिजे.

मापं इंच आणि सुतांत दिली आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच. या कामात पाव इंचाची भाषा अपुरी पडते, सुतावर यावंच लागतं.

३ जून: नमुना

मूळ गोधडीला हात लावण्याआधी तेच वरचं कापड, तेच भरण आणि तेच अस्तर घेऊन दहा इंचांचा चौकोन केला. त्याला अडीच इंच रुंदीच्या पट्टीने गोट लावला, दोन कोपरे एका मापाने आणि दोन दुसऱ्या मापाने.

हिशेब असा. अडीच इंचांची पट्टी उभी दुमडली की सव्वा इंच, म्हणजे दहा सूत. दोन सूत माया (शिलाईपासून काठापर्यंतचं कापड) धरून शिवलं तर आठ सूत उरतात. त्यातले दोन पुढच्या मायेवर, अर्धा सूत काठाच्या दाबलेल्या जाडीत आणि दोन मागच्या मायेवर गेले, की साडेतीन सूत मागे जास्तीचे सरकतात. मग पुढून गोट बारीक आणि मागून रुंद दिसतो. त्याहून वाईट म्हणजे तो अर्धा पोकळ राहतो. तीन सूत माया धरली तर सात उरतात: तीन, अर्धा, तीन. शिलाई झाकायला बरोबर अर्धा सूत शिल्लक. गोट दोन्हीकडून सारखा आणि भरणाने गच्च भरलेला.

निर्णय: पट्टी अडीच इंच, माया तीन सूत. काठापर्यंत जोडकामाची टोकं आलेली असती तर हे चाललं नसतं. दोन सुतांच्या मायेवर बेतलेली टोकं तीन सुतांच्या शिलाईने कापली जातात. इथे भोवती साधी पट्टी आहे, त्यामुळे प्रश्न नाही. काठापर्यंत टोकं आलेल्या गोधडीला गोटाची पट्टी सव्वादोन किंवा दोन इंचांवर आणून माया दोन सूतच ठेवावी.

४ जून: काटकोन

गोट वाकडी कड सरळ करत नाही, तिला अधोरेखित करतो. म्हणून आधी कर्ण मोजले. दोहोंत पाऊण इंचाचा फरक निघाला. टाके घालताना कापड एका दिशेने ओढलं जातं, त्यामुळे एवढा फरक येतोच. एवढा फरक नुसता कापून काढायला गेलं तर भोवतीची पट्टी एका टोकाला तीन इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वादोन दिसते, आणि ते लांबूनही कळतं.

गोधडीवर पाण्याचा फवारा मारून ती सपाट जाड सतरंजीवर पसरली. आखूड कर्णाच्या दिशेने हलकेच ताणली, दर चार इंचांवर टाचणी मारली आणि रात्रभर तशीच वाळू दिली.

५ जून: कड कापणे

वाळल्यावर कर्णांतला फरक पाव इंचावर आला. उरलेला कापण्यात गेला. कापताना आधार बाहेरच्या कडेचा घ्यायचा नाही, भोवतीच्या पट्टीच्या आतल्या शिवणीचा घ्यायचा. पट्टी सगळीकडे एकसारखी रुंद दिसली की डोळा फसतो, आणि इथे फसलेलाच बरा. कोपऱ्यांना मात्र गुण्या लावून कापलं. कोपरा ८८ अंशांचा राहिला तर पुढे कितीही नेमकी घडी घाला, मायटरची रेघ टोकाला पोचत नाही.

कापल्यावर ५९½ × ७१½ इंच. दोन्ही कर्ण ९३ इंच. परिमिती २६२ इंच.

अडचण एक: वरची आखूड कड लाटांसकट मोजली तर ६० इंच भरते, मधली रुंदी ५९½ आहे. कडेला टाके विरळ आहेत आणि मध्ये दाट, त्यामुळे मध्यभाग आक्रसला आणि कड मोकळी राहिली. अशा कडेवर गोटाची पट्टी नुसती ठेवत शिवत गेलं तर पट्टीही ६० इंच खाते आणि ती लाट कायमची शिवली जाते. उपाय पट्टीच्या मापात आहे, ९ तारखेची नोंद पाहा.

तिन्ही थर काठापासून एक सुतावर मशीनच्या लांब टाक्याने (४ मिमी) सगळीकडून धरून घेतले. हा टाका गोटाच्या आत जातो, उसवावा लागत नाही. तो नसला तर मशीनखाली वरचा थर पुढे ढकलला जातो आणि कोपऱ्याशी येईपर्यंत अस्तर दोन-तीन सूत मागे पडलेलं असतं.

६ जून: पट्ट्या

लांबी: परिमिती २६२ अधिक जोडासाठी आणि हाताशी १२, म्हणजे किमान २७४ इंच. कापडाचा पन्हा ४४, काठ काढून ४२ धरला. सात पट्ट्यांचे २९४ इंच होतात. तिरक्या जोडाला पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे अडीच इंच लांबी जाते. सहा जोडांचे १५ वजा केले की २७९. पुरतं. कापड सात गुणिले अडीच, साडेसतरा इंच. कड सरळ करायला धरून वीस इंच घेतलं.

कोपऱ्यांसाठी वेगळी लांबी धरलेली नाही आणि धरायचीही नसते. कोपऱ्यावर घडीत बरंच कापड गेलेलं दिसतं, पण पट्टीची शिवली जाणारी कड गोधडीच्या कडेएवढीच लागते. कागदाची पट्टी दुमडून पाहिली की पटतं.

उभ्या-आडव्या धाग्यातली सरळ पट्टी वापरली. कड सरळ असेल तर तिरपी, म्हणजे उरेब पट्टी लागत नाही. गोल कोपरे किंवा कंगोरे असते तर लागली असती. उरेब पट्टी जास्त टिकते, कारण तिच्या घडीवर धागे तिरके ओलांडून जातात. सरळ पट्टीत एकच धागा घडीच्या टोकावर लांबवर झिजत राहतो. पण उरेब पट्टी हातात ताणली जाते, आणि लाटांच्या कडेला ताणलेली पट्टी लावली की कड चुणते. इथे सरळच बरी.

गोटाचं कापड गडद लाल आहे. ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिलं, फडक्यावर फिकट गुलाबी उतरला. दोनदा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं. ही तपासणी शिवल्यानंतर करून उपयोग नाही.

पट्ट्या कापताना सावधगिरी: कापड दुमडून कापत असाल तर मोजपट्टी घडीशी काटकोनात हवी. ती जराशी कलली की उघडलेल्या पट्टीला मधोमध कोपरासारखा बाक येतो. सातपैकी चौथी पट्टी अशी निघाली. दुमड पुन्हा सरळ करून ती नव्याने कापली, म्हणूनच अडीच इंच जास्तीचे घेतलेले असतात.

जोड: दोन पट्ट्या सुलट बाजू आत, एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं शिवायचं. कोणता कर्ण, हे इथे चुकतं. शिवण्याआधी त्या रेघेवर टाचण्या मारून पट्टी उघडून पाहावी. सरळ लांब झाली तर बरोबर, काटकोनात वळली तर दुसरा कर्ण घ्यायचा. टाका बारीक, २ मिमी, कारण शिवण लगेच कापायची आहे. दोन सूत माया ठेवून बाकीचा त्रिकोण कापला आणि इस्त्रीने माया दोन्हीकडे उघडली. सरळ जोड दिला असता तर दुमडल्यावर आणि वळवल्यावर एकाच रेषेत इतके थर येतात की गोटात गाठ लागते. तिरक्या जोडात तेच थर अडीच इंचांत विखुरतात.

शेवटी पूर्ण पट्टी उभी दुमडून इस्त्री. इस्त्री दाबायची आणि उचलायची. घासत नेली की पट्टी लांबते.

९ जून: जोड कुठे पडतात

शिवण्याआधी पट्टी गोधडीभोवती पूर्ण फिरवून पाहिली. खालच्या कडेच्या मध्यातून, दहा इंचांचं शेपूट सोडून सुरुवात केली तर पहिला जोड पहिल्या कोपऱ्यापासून एक इंचावर येतो. जोड कोपऱ्याच्या घडीत गेला तर तो कोपरा कधीच सपाट बसत नाही, सुई मोडण्याचीही शक्यता. सुरुवातीची जागा कोपऱ्याकडे आठ इंच सरकवली. आता जवळात जवळचा जोड कोपऱ्यापासून साडेतीन इंचांवर आहे. चालेल.

आता लाटांचा उपाय. पट्टीला कोपऱ्यात जास्तीची लांबी लागत नाही, म्हणजे एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर तिच्यावर आधीच आखता येतं. पहिल्या कोपऱ्याची खूण केली आणि तिथून पुढे ७१½, ५९½, ७१½ अशा खडूच्या खुणा. कड ६० इंच असली तरी पट्टीला ५९½च मिळणार. खुणा कोपऱ्यांना लावायच्या, मध्याला मध्य टाचायचा आणि मधला अर्धा इंच टाचण्यांत वाटून टाकायचा. मशीनचे दाते खालचा थर जरा जास्त ओढतात, म्हणून या कडेला गोधडी खाली आणि पट्टी वर ठेवली की तो अर्धा इंच आपसूक सामावतो. दीड इंचाची लाट मात्र अशी लपत नाही, तिला चुण्याच पडतात.

१० जून: पहिली लांब कड, पहिला कोपरा

मशीन: वॉकिंग फूट (जाड थरांसाठीचा मशीनचा पाय), सुई ९०/१४, टाका ३ मिमी, पायाचा दाब एक घर कमी. दोरा सुती, गोटाच्या रंगाचा. पट्टीच्या दोन्ही मोकळ्या कडा गोधडीच्या कडेला बरोबर, घडी आतल्या बाजूला. गोधडीचा भार टेबलावर हवा. ती खाली लोंबली की टाके आखूड होतात आणि माया हलते.

कोपरा. क्रम असा:

समोरची कड तीन सुतांवर आली की थांबायचं. हे अंतर मायेएवढंच हवं. माया तीन सूत तर थांबणं तीन सुतांवर, माया दोन तर दोनवर. गोधडीच्या कडेपासून तीन सुतांवर आधीच पेन्सिलीचा ठिपका काढून ठेवला होता. पट्टी टाचल्यावर तो झाकला जातो, म्हणून टाचणी नेमकी त्याच ठिपक्यातून वर काढली. त्या टाचणीपाशी सुई खाली, दोन उलट टाके, दोरा कापला.

गोधडी पाव फेरी फिरवली. पट्टी सरळ वर, गोधडीपासून दूर नेली. तिची मोकळी कड नव्या कडेच्या रेषेत आली की खाली ४५ अंशांची घडी आपोआप पडते. ती बोटाने दाबून धरायची आणि पट्टी परत खाली, स्वतःवरच, नव्या कडेवर आणायची. वर जी आडवी घडी होते ती नुकत्याच शिवलेल्या कडेशी तंतोतंत बरोबर हवी. मग अगदी काठापासून, घडीवरूनच, नवी शिलाई सुरू करायची.

पहिला कोपरा उसवला. शिलाई दोन टाके पुढे गेली होती, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. घडी उलटून पाहिली तर तिरक्या रेघेच्या मुळाशी चूण. कारण सरळ आहे: ते दोन टाके पुढच्या कडेच्या मायेत शिरतात, पट्टीला वर वळू देत नाहीत, आणि घडी ठिपक्याऐवजी शिलाईच्या टोकावर अडकते. ३ मिमीच्या टाक्याने ठिपका हुकणं सोपं आहे. शेवटच्या अर्ध्या इंचाला टाका २ मिमी केला आणि शेवटचे तीन टाके चाक हाताने फिरवून घातले. दुसऱ्यांदा बरोबर बसला.

उलट चूकही लिहून ठेवलेली बरी, नमुन्यावर ती झाली होती. एक सूत आधी थांबलं तर दोन शिलायांच्या मध्ये फट राहते. पुढून काही कळत नाही. मागे वळवल्यावर कोपरा सैल वाटतो, आणि नखाने दाबलं तर फटीतून भरण दिसतं.

आडवी घडी चुकली तर वेगळी लक्षणं. घडी काठाच्या आत राहिली की कोपऱ्याला कापड कमी पडतं आणि टोक गोल होतं. काठाच्या बाहेर गेली की कापड जास्त होतं आणि टोकाला कानासारखं लोंबतं. दोन्ही चुका हातशिलाईने सुधारत नाहीत. पुढची शिलाई चार इंच झाली की थांबून कोपरा एकदा मागे वळवून पाहावा. उसवायचे असलेच तर चारच इंच उसवावे लागतात.

११ जून: उरलेले तीन कोपरे, शेवटचा जोड

तिन्ही कोपरे पहिल्या फेरीत. आखूड कडेची लाट सामावली, एक बारीक चूण पडली होती ती इस्त्रीच्या वाफेत गेली.

सुरुवातीच्या टाक्याआधी १२ इंच मोकळे सोडून थांबले. दोन्ही शेपटं त्या मोकळ्या जागेवर सपाट ठेवली आणि एकावर एक अडीच इंच येईल असं कापलं. हे अडीच इंच म्हणजे पट्टीची उघडी रुंदी. घडीची रुंदी सव्वा इंच समोर दिसत असते आणि घाईत तीच मोजली जाते. मग पट्टी सव्वा इंच आखूड पडते आणि तुकडा जोडून आणखी एक शिवण द्यावी लागते.

जोडण्यासाठी गोधडी मधोमध चिमटून घडी केली आणि मोठ्या चिमट्याने धरली, म्हणजे दोन्ही टोकांना खेळ मिळतो. टोकं उघडून काटकोनात ठेवली, टाचली, पट्टीला पीळ नाही हे पाहिलं आणि मगच तिरकं शिवलं. शिवूनही माया लगेच कापली नाही. पट्टी जागेवर ठेवून बसते का पाहिलं. सुतभर आखूड बसली, तशीच हवी. शिवताना थोडी ताणून लावता येते. लांब झालेली पट्टी मात्र चुण्यांतच जाते. उरलेला तुकडा साडेचौदा इंच.

१२ ते १५ जून: मागची हातशिलाई

आधी पुढून इस्त्री: पट्टी शिलाईपासून बाहेरच्या दिशेने दाबली. हे केलं नाही तर शिलाईलगत कापडाची एक बारीक दुमड राहते आणि गोट अर्धा सूत अरुंद होतो. मग पट्टी मागे वळवून एका वेळी फूटभर भागाला चिमटे लावले. टाचण्या हातशिलाईत दोरा अडकवतात, चिमटेच सोयीचे.

दोरा गोटाच्या रंगाचा, अस्तराच्या नव्हे. टाका थोडा दिसलाच तर गोटावर मिसळून जावा. लांबी १८ इंच, त्याहून लांब दोरा पिळतो आणि झिजतो. एका दोऱ्यात नऊ-दहा इंच होतं.

टाका: गाठ मायेत लपवायची. सुई अस्तरात, मशीनच्या शिलाईच्या जरा बाहेर, भरणातून एक सूत पुढे सरकवून गोटाच्या घडीच्या अगदी काठातून बाहेर काढायची. पुढचा टाका बरोबर समोर अस्तरात. दोरा गोटाखाली धावतो, वर फक्त बिंदू दिसतात. सुईचं टोक पुढच्या कापडाला लागता कामा नये. डावा हात गोधडीखाली ठेवला की टोक बोटाला कळतं. दर इंचाला आठ टाके, म्हणजे एकूण सुमारे २१००. सहा टाक्यांवर काम लवकर उरकतं, पण धुण्यात गोट त्या मोकळ्या जागांतून उचलला जातो.

मशीनने मागची बाजू शिवण्याचा पर्याय आहे. तेव्हा गोट आधी मागून लावतात आणि पुढे वळवून वरून शिलाई मारतात. रोज धुतल्या जाणाऱ्या मुलांच्या गोधडीला तोच योग्य. इथे टाके सगळे हाताचे आहेत आणि कडेला मशीनची सरळ रेघ नको होती.

मागचे कोपरे. कोपरा जवळ आला की पहिली कड थेट टोकापर्यंत शिवायची नाही, ठिपक्यापाशी, म्हणजे तीन सुतांवर थांबायचं. पुढे घडी कोणत्या बाजूला पडली आहे ते बोटाने चाचपायचं. मागची घडी विरुद्ध बाजूला पाडायची, म्हणजे पुढचा गठ्ठा एका कडेवर आणि मागचा दुसऱ्या कडेवर जातो. दोन्ही एकाच बाजूला पाडले तर कोपऱ्यात वाटाण्याएवढी गाठ लागते. घडी सुईच्या टोकाने आत सारून घेतली, ४५ अंशांची रेघ टोकापर्यंत नेली आणि तिच्यावर तीन-चार टाके मागून. मग सुई कोपऱ्याच्या आतून पुढे काढून पुढच्या तिरक्या रेघेवरही तीन टाके. ही रेघ न शिवता सोडली तर वापरात ती उघडते आणि आत धूळ साचते.

कोपऱ्यातलं भरण कमी करायचं का? चारपैकी एकाच कोपऱ्यात केलं, तिथे अस्तराची माया दुहेरी आली होती. टोकाचा दीड सुतांचा त्रिकोण कापला, त्याहून जास्त नाही. भरण जास्त कापलेला कोपरा पहिल्या दिवशी टोकदार दिसतो, पण आत रिकामा असल्यामुळे लवकर मोडतो आणि घडीवरच झिजतो.

चार बैठकांत हातशिलाई पूर्ण. साधारण तासाला ३० ते ३५ इंच.

१७ जून: धुणं आणि तपासणी

गार पाणी, सौम्य साबण, सपाट पसरून वाळवण. वाळल्यावर माप ५८ × ६९¾ इंच. गोट आणि गोधडी बरोबरीने आक्रसली, कड ताणलेली नाही. रंग उतरलेला नाही. आखूड कड सपाट.

कोपरे: तीन नेमके. चौथ्याच्या मागच्या रेघेला एक मिलिमीटरची फट दिसते. तिथे टाके दोनच पडले होते. आणखी दोन घातले.

लांब डाव्या कडेवर, खालच्या कोपऱ्यापासून १४ इंचांवर, गोट पाऊण इंचभर उचललेला आढळला. तिथे दोरा संपला होता आणि शेवटची गाठ गोटात न अडकता नुसती भरणात गेली होती. उसवून दोन्हीकडे इंचभर मागे जाऊन नव्या दोऱ्याने शिवलं. दोरा संपवताना घडीच्याच काठात दोन बारीक टाके एकावर एक, मग फास, मग शेपूट भरणात इंचभर ओढून कापायचं. बाकीच्या सगळ्या गाठी याच पद्धतीने आहेत का, हे कडेवरून बोट फिरवून तपासलं. आणखी दोन सैल निघाल्या, त्याही बांधल्या.